बंद दाराचं उत्तर

"श्श... हलू नका. श्वासही हळू घ्या." आईचा हा आवाज अजून माझ्या डाव्या कानात आहे. तिचं तोंड डाव्या कानाशी असायचं आणि उजव्या खांद्याला ताई चिकटलेली असायची. बाहेर कोणीतरी कडी वाजवत असे. आम्ही तिघी दाराच्या आड, भिंतीला पाठ लावून, फरशीवर बसलेल्या. बाबा कामावर गेलेले, दुपार घरात पसरलेली, नळ नीट बंद न झाल्यामुळे आतून टिप टिप ऐकू येणारं पाणी. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची आणि त्या पट्टीत दोन काळे तुकडे उभे असायचे. ते बाहेरच्या माणसाचे पाय. मी त्या पायांकडे बघत राहायचे. ते जागच्या जागी हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. कडी पुन्हा वाजायची. जोरात नाही, रागानं नाही, हाक तर नाहीच. आत माणसं आहेत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याच्या धिम्या धीरानं वाजायची. मग पायरीवर कोणी बसल्याचा आवाज यायचा आणि उजेडाच्या पट्टीत पायांऐवजी एक लांबट सावली आडवी पडायची. आई डोळे मिटून घ्यायची. मी मात्र उघडेच ठेवायचे. मला भीती वाटत नव्हती, हे मला आठवतं. मला फक्त कळायला हवं होतं की बाहेर कोण आहे. एवढ्या गरजेनं कोणी आपल्या दाराशी बसतं, म्हणजे आपल्या घरात काहीतरी भारी वस्तू असणार, असं मला वाटायचं आणि ती वस्तू मी नंतर कपाटाखाली, डब्यांमागे शोधत फिरायचे. ताईनं आणि मी त्यावर एक गाणंही केलं होतं, आई ऐकत नसताना म्हणायचं: दाराशी कोण गं, वारा गं वारा, वाऱ्याला सांग गं, घर नाही थारा. आता म्हणून पाहिलं तर त्याला ना धड चाल आहे ना अर्थ. पण ओठ अजून आपोआप हलतात.

परवा ऑफिसात ते पाय मला पुन्हा दिसले.

आमचं ऑफिस पाणी मोजतं. नद्यांवर, कालव्यांवर, पुलांच्या खांबांना लोखंडी पेट्या लावलेल्या आहेत. पेटी पाण्याची पातळी बघते आणि तो आकडा दिवसभर ठरावीक वेळानं आमच्याकडे पाठवते. आकडे ज्या यंत्रात साठतात त्याच्यापुढे आणखी एक यंत्र उभं असतं, दारावरच्या राखणदारासारखं, आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. लिनक्सवर चालणारी फायरवॉल, असं तिचं नाव. मी तिला मनात नुसतं 'भिंत' म्हणते. भिंतीला शेकडो दारं असतात, प्रत्येक दाराला क्रमांक, आणि प्रत्येक दारासाठी नियम: अमक्या पत्त्यावरून अमक्या दारी कोणी आलं तर काय करायचं. करायच्या गोष्टी मुळात तीनच. येऊ दे. नाही म्हणून परत पाठव. किंवा गिळून टाक: म्हणजे आत घ्यायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही, आलेलं निरोपाचं पाकीट गुपचूप नाहीसं करायचं, जणू कोणी आलंच नाही आणि इथं कोणी राहतच नाही. आमच्या धंद्यात ही तिसरी गोष्ट सगळ्यात शहाणपणाची समजली जाते. उत्तर दिलं की बाहेरच्याला कळतं की आत कोणीतरी आहे. मग तो दुसरं दार हुडकतो, खिडकी हुडकतो. गप्प बसावं. माझ्या आधी या खुर्चीवर होते ते गृहस्थ तर जाताना मला म्हणाले होते, "बाई, भिंतीनं बोलायचं नसतं. भिंत बोलली की घर गेलं." सगळ्या नियमांच्या शेवटी त्यांनी मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून ठेवली आहे: वर ज्यांचा उल्लेख नाही ते सगळे गिळावे. मी ती ओळ कधी हलवली नाही. जुन्या नियमांची साफसफाई करा म्हणून साहेबांनी मागे लागून लागून सांगितलं तेव्हाही मी फक्त एवढंच केलं, की गिळण्याआधी आलेल्याची नोंद पडद्यावर दिसेल असं केलं. म्हटलं, बघू तरी दिवसभरात आपण काय काय गिळतो ते.

गंमत म्हणून बघायला बसले आणि बसूनच राहिले. जगभरातलं काय काय येऊन धडकत होतं. कुलपं चाचपणारे, चुकून आलेले, नुसतेच येणारेजाणारे. आले की गेले. उत्तर नाही म्हटल्यावर पुढच्या भिंतीकडे. पण त्या गर्दीत एक पत्ता पुन्हा पुन्हा यायचा, तोच पत्ता, त्याच दाराशी. यायचा, थोडं थांबून पुन्हा वाजवायचा, मग जास्त थांबून पुन्हा, मग त्याहून जास्त थांबून; आणि मग बराच वेळ काहीच नाही. पायरीवर बसल्यासारखं. आणि मग पहिल्यापासून पुन्हा. मी खुर्ची पुढे ओढली. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. पत्ता बाहेरचा नव्हताच. आमच्याच पेट्यांच्या पत्त्यांपैकी होता. आमचंच कोणीतरी आमच्याच दाराशी येऊन बसलं होतं आणि मी महिनोन् महिने त्याला गिळत होते.

"हां, ती वरच्या पुलावरची," पत्ता दाखवल्यावर मेकॅनिक म्हणाला. हा मेकॅनिक पेट्या बसवतो, दुरुस्त करतो, आणि प्रत्येक पेटीबद्दल सासुरवाशिणीबद्दल बोलावं तसं बोलतो. "ती मेली नाहीये हो. मी काठावरून दुर्बिणीनं बघितलंय, दिवा हिरवागार. सगळं खातेपिते, फक्त बोलत नाही."

"बोलतेय," मी म्हटलं. "आपण ऐकत नाही. जुन्या दारावर येऊन बोलतेय. ते दार आपण बंद केलं ना, यंत्र बदललं तेव्हा."

"अरे! मग बाकीच्यांना नवं दार शिकवलं तसं हिलाही शिकवायला हवं होतं. पण शिडी सडलीय ना. नवी शिडी मंजूर झाल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, असा लेखी आदेश आहे मला. माझ्या बायकोनं फ्रेम करून लावलाय तो." तो हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, "पण थांबा. दुसरा पत्ता मी भरला होता तिच्यात. बसवतानाच, तिथल्या भाषेसकट. आपलं नवं दार त्याच पत्त्यावर निघालंय. पहिल्या दारी नाही म्हटलं तर दुसरीकडे जायचं, अशी शिकवण आहे तिला. मग जात का नाही बया?"

या प्रश्नानं मला धरलं. जात का नाही बया? दुपारभर तेच डोक्यात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी चालत घरी निघाले. रस्त्यात दुकानांची शटरं अर्धी वर, अर्धी खाली, एका केशकर्तनालयात आरशासमोर एकटाच न्हावी स्वतःची मिशी कातरत बसलेला. मी हे रोज बघते आणि मला ते रोज नवं वाटतं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, तिला पश्चिमेची खिडकी आहे, आणि कुलूप उघडून आत गेल्यावर सकाळी मी जशी टाकून गेले तशीच ती असते. कप तिथेच, पुस्तक पालथं तिथेच, उशीला माझ्याच डोक्याचा खळगा. मी चपला काढते आणि थोडा वेळ नुसती उभी राहते. मग फोन पिशवीतून काढून पालथा ठेवते. कारण याच वेळी ताईचा फोन येतो.

ताई, माझी मोठी बहीण, दुसऱ्या गावात राहते. भावोजी गेल्यापासून एकटी. खाली तिचं शिवणकाम चालतं आणि वर एक खोली आहे. ती खोली तिनं माझ्यासाठी ठेवली आहे. आधी म्हणाली, सुट्टीत ये. मग म्हणाली, सुट्टीत कशाला, कायमचीच ये, इथंही ऑफिसं आहेत, दोघी बहिणी दोघींना. मग खोलीला रंग दिला. मग विचारू लागली, ठरलं का गं? मी म्हणायचे, बघू. साहेब सोडत नाहीत. यंत्रं बदलायचं चाललंय. उन्हाळा जाऊ दे. एकेका कारणाला ती मनापासून सोडवायला बसायची, गाठ पडलेला दोरा सोडवावा तशी. साहेबांना सांगायचं काय ते तीच मला शिकवायची. म्हणून मग मी कारणं देणंही सोडलं. फोन वाजू द्यायचा. पालथ्या फोनच्या कडेनं टेबलावर उजेडाची बारीक रेघ पडायची, थरथरायची, विझायची. थोड्या वेळानं पुन्हा. मग जास्त वेळानं पुन्हा. मी तिच्यावर रागावलेली नव्हते, हे कोणाला कसं सांगू. आईनंतर मला या जगात एकेरी हाक मारणारं तेवढं एकच माणूस आहे. ते माणूस दुखावून गेलं तर माझं नाव फक्त हजेरीत उरेल. म्हणून नाही म्हणत नव्हते. गप्प होते, म्हणजे अजून नाही म्हटलेलं नाही, म्हणजे अजून काही तुटलेलं नाही.

त्या संध्याकाळी रेघ थरथरली तेव्हा मी फोन उचलला. ताईला नवलच वाटलं.

"अगं, जिवंत आहेस की!" ती म्हणाली. मागे शिवणयंत्राचा खडखड आवाज. "मला वाटलं फोन नदीत टाकलास. पाणी मोजता मोजता."

"ताई, आपल्या दारावर दुपारी कोण यायचं गं? लहानपणी. आई आपल्याला गप्प बसवायची बघ."

यंत्र थांबलं. "हे आज कुठून काढलंस?"

"असंच. तुला माहितेय?"

"मला चपलांवरून कळायचं," ताई म्हणाली. "एक चप्पल फरफटत यायची. मावशी होती ती."

"आपली मावशी? मग आई दार का नाही उघडायची?"

"तुला मागायला यायची ती."

"मागायला म्हणजे?"

"मागायला म्हणजे मागायला. शेजारीण साखर मागते तशी. तिला मूल नव्हतं. आईला म्हणाली, तुला दोन आहेत, धाकटी मला दे. आणि मावशीनंच आईला वाढवलेलं, आईचं सगळं तिनं केलेलं. तिच्या तोंडावर नाही म्हणायची आईची काय छाती. नाही म्हणवेना, देववेना. मग दारच उघडेना. मावशी बिचारी येऊन येऊन बसायची. अगं, छोटी खाटसुद्धा करून घेतली होती तिनं, कठडा लावलेली. आपण ते घर बदललं तोपर्यंत येत होती. त्या खाटेवर मग ती कुंड्या ठेवायची, मी पाहिलंय."

मी खिडकीत जाऊन उभी राहिले. म्हणजे घरातली ती भारी वस्तू मीच होते. कपाटाखाली शोधत होते ती. मला हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटा आला, आणि मग पुन्हा नुसतं कुतूहल वाटू लागलं, लख्ख, पोरकट. आईनं दार उघडलं असतं आणि घेऊन जा म्हटलं असतं तर? त्या कठड्याच्या खाटेवर झोपणारी ती दुसरी मी, ती कशी हसली असती, कोणत्या बाजूला भांग पाडला असता तिनं? आणि आईनं दार उघडून स्वच्छ सांगितलं असतं, अक्का, ही नाही मिळायची, तर? मावशी रडली असती. भांडली असती. मग पदरानं तोंड पुसून कुठंतरी गेली असती. कुठं, ते मला सुचेना. पण पायरीवरून उठली असती. मावशीला मी पाहिलं ते एका लग्नात, लांबून. तिनं मला बोलावलं नाही, नुसतं बघितलं, वर्गात पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीकडे मागच्या बाकावरून बघावं तसं.

"ऐकतेयस ना?" ताई म्हणत होती. "बरं, ते जाऊ दे जुनं. पडद्यांचं सांग. पिवळे आवडतील का निळे? आणि हो, इथली एक नर्स आहे, ती खोली मागतेय भाड्यानं. दवाखाना अगदी समोर पडतो तिला. मी म्हटलं, थांब बाई, माझी बहीण येतेय. रोज जाता जाता विचारते, आल्या का, ताई, तुमच्या बहीण. तिला ताई माझं नाव वाटतंय."

मी म्हटलं, "बघू." आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या एका शब्दाची चव तोंडात राहिली, गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला चौथी गोष्ट शिकवायला बसले. आमच्या फायरवॉलमध्ये हे करता येतं, आणि मला ते नेहमीच जादूसारखं वाटत आलं आहे. तीन मूळ कृतींनी भागत नसेल तर आपण आपली कृती घडवायची. कृतींच्या यादीत तिचं नाव चढवायचं, त्याच नावाची एक वेगळी फाइल करायची, आणि त्या फाइलीत ती काय काय करील ते क्रमानं लिहायचं: आधी हे बघ, मग ते नोंदव, मग असं वाग. एकदा घडवली की मग नियमांत नुसतं नाव लिहिलं की झालं. भिंतीला ती कृती पहिल्यापासूनच येत होती असं ती वागते. मी लिहिलं: पाकीट आपल्याच पेट्यांच्या पत्त्यांवरून आलंय का बघ. असेल तर नोंद कर. एका पेटीनं फारच घाई केली तर तिला जरा दमानं घ्यायला लाव. आणि मग नाही म्हणून सांग. बाहेरच्या जगासाठी गिळायची जुनी ओळ होती तशी ठेवली. हे फक्त घरच्यांसाठी. घरच्यांना निदान उत्तर तरी मिळावं. नावापाशी अडले. बराच विचार करून, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, 'साभारपरत' असं नाव दिलं.

साहेब मागून येऊन वाकून बघत होते. आमचे साहेब वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची भीती आधी वाटते आणि ती गोष्ट नंतर कळते. "साभार परत? हे काय, मासिक काढलंय का ऑफिसात?"

"वरच्या पुलावरच्या पेटीसाठी आहे, सर. तिला नाही म्हणायचंय."

"अहो, पण इतके दिवस आपण काहीच म्हणत नाही, ते नाहीच झालं की. वेगळं काय म्हणायचं? आणि म्हणायचंच तर दार उघडून टाका ना सरळ."

"दार उघडलं तरी आत कोणी नाही, सर. जुनी भाषा समजणारा तो प्रोग्राम आपण काढून टाकला. ती बोलत बसेल आणि ऐकणारा कोणी नसेल."

"येत्या बैठकीत ती पेटी मयत म्हणून दाखवणार होतो मी," ते जरा हिरमुसून म्हणाले. "बरं. पण सौम्य सांगा काहीतरी. उगाच तोंडावर मारल्यासारखं नको."

सौम्य सांगायची सोय होती. नाही म्हणताना सोबत कारण पाठवता येतं आणि कारण कोणतं हे फाइल लिहिणारा ठरवतो. या घराकडे यायला रस्ताच नाही, असं सांगता येतं. घर आहे पण हे दार बंद आहे, असं सांगता येतं. मनाई आहे, असंही. मी पहिलं निवडलं. रस्ताच नाही. त्यात कोणाचा दोष नाही, कोणी कोणाला नको म्हणत नाही. पूर आला, दरड पडली, काय करणार. लिहिताना मला बरं वाटलं, मऊ वाटलं, ताईला उन्हाळा जाऊ दे म्हणताना वाटायचं तसं. बदल लागू केले आणि पडद्याकडे बघत बसले. पेटी आली. तिनं वाजवलं. भिंतीनं आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर दिलं: रस्ता नाही. पेटी थांबली. मी श्वास रोखून. मग पेटीनं पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर, पुन्हा थांबणं, पुन्हा वाजवणं. काहीच बदललं नव्हतं. उलट आता ती जास्तच भाबडेपणानं येत होती असं मला वाटलं.

मी मेकॅनिकला बोलावलं. तो कडेच्या टेबलावर डबा खात होता, तो घास तोंडात घेऊनच आला. "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"रस्ता नाही म्हणून सांगितलं."

"अहो, मग ती रस्ता दुरुस्त व्हायची वाट बघणार!" तो घास गिळून म्हणाला. "शहाणी पेटी आहे. लाइन पडली असेल, उद्या होईल नीट, असं धरून चालते ती. पावसाळ्यात लाइन पडतेच ना. तिचं पहिलं दार आहे ते, ती ते असं सोडत नसते. तिला सांगायला पाहिजे की रस्ता ठीकठाक आहे, घर उभं आहे, आणि हे दार बंद आहे. मग ती जाईल."

"असं तोंडावर?"

"तोंडावर नाही तर काय पाठीवर सांगणार? बाई, यंत्र आहे ते. रडत बसत नाही." आणि तो डब्याकडे परत गेला.

तो गेल्यावर मी हात मांडीवर ठेवून बसले. माझ्या बोटांना त्या ओळीतला एक शब्द बदलायचा होता, फक्त एक, आणि ती बदलत नव्हती. किती विचित्र, मला वाटलं. गिळताना हात अडला नाही. खोटं लिहिताना नाही. दार बंद आहे हे खरं, आणि ते लिहिताना मात्र छातीत कोणीतरी उभं राहतंय. मला आई दिसली, डोळे मिटून भिंतीला टेकलेली. तिचा गळा मला आठवला. आवंढा गिळताना वरखाली होणारा. मी इतकी वर्षं समजत आले होते की ती आम्हांला गप्प बसवत होती. ती त्या गळ्यात आलेला एक शब्द गप्प बसवत होती. आणि बाहेर मावशी, आतल्या शांततेचे आपल्याला हवे तसे अर्थ लावत: आज घरी नसतील. आज झोपल्या असतील. आज नाही, उद्या देईल. गप्प बसणं कोमल असतं असं मला वाटायचं. पायरीवर बसणाऱ्याला ते कसं लागत असेल हे मी त्या फटीतून, पायांकडे बघूनसुद्धा, कधी मोजलं नव्हतं. मी शब्द बदलला. घर आहे. हे दार बंद आहे. लागू केलं.

पेटी आली. वाजवलं. उत्तर गेलं. आणि मग काहीच नाही. मी तिच्या पुन्हा येण्याची वेळ ओळखायला शिकले होते. ती वेळ आली आणि गेली, त्याहून मोठी वेळही आली आणि गेली. दारापाशी कोणी नव्हतं. मला अचानक चुकल्यासारखं वाटलं, पायरी रिकामी झाल्यासारखं, आणि मी जवळजवळ उठणारच होते तेवढ्यात पलीकडून मेकॅनिक ओरडला, "आली! आली हो बया! नव्या दारानं आली!" साठवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आकडे उतरत होते. नुसते आजचे नाहीत; तिनं सगळे दिवस साठवून ठेवले होते. कोरड्या दिवसांचे खालचे आकडे, मग हळूहळू वर चढणारे, मग एका रात्री नदीनं घेतलेली उडी, जी आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती, मग उतार, मग पुन्हा शांत पाणी. सगळी नदी एका दमात सांगत होती ती. साहेब चष्मा कपाळावर चढवून उभे. "म्हणजे मयत नाही," ते म्हणाले, आणि पेटीला बरं वाटावं अशा आवाजात म्हणाले. मेकॅनिकनं विचारलं, "काय बाई, जेवणार का आता?" तेव्हा मला कळलं की माझा डबा उघडलाच नाही. पण मी तेव्हाही तो उघडला नाही. फोन घेऊन जिन्यात गेले. आमच्या जिन्यात उजेड येतो, कठड्याच्या गजांच्या सावल्या पायऱ्यांवर पडतात, आणि दुपारी तिथं कोणी नसतं.

ताईनं लगेच उचलला. "अगं बाई, दोन दिवस लागोपाठ! सूर्य कुठून उगवला?" यंत्र खडखडत होतं.

"ताई, मी तिकडे राहायला येणार नाही."

खडखड थांबली. मी जिन्यात बसले. दोन गजांच्या मधल्या उजेडात माझे पाय होते.

"म्हणजे उन्हाळ्यानंतर," ती म्हणाली.

"नाही. उन्हाळ्यानंतरही नाही."

"साहेब सोडत नाहीत का? तू त्यांना असं सांग, की..."

"साहेब सोडतील गं. मी विचारलंच नाही कधी."

"मग?" आणि मग तिचा आवाज बदलला, लहान झाला, एवढी मोठी माझी ताई. "माझं काही चुकलं का? मागच्या खेपेला मी तुझ्या कपड्यांवरून बोलले, म्हणून? मी तशीच बोलते गं. मनात नसतं."

"नाही, ताई. तुझं काही चुकलं नाही."

"मग कोणी आहे का तिथं? असलं तर सांग, मी काही आईसारखी..."

"कोणी नाही."

"कोणीच नाही? मग कशासाठी राहायचंय तिथं एकटीनं?" ती आता चिडली होती आणि चिडण्याच्या आत रडू होतं, मला दोन्ही ऐकू येत होतं. "मी इथं रंग काय देते, पडदे काय शिवते, त्या नर्सबाईला रोज थांबवते. आणि तुझं आपलं बघू, बघू. एक दिवस तरी खरं कारण सांगितलंस का मला? सांग ना. मी काय खाणार आहे तुला? सांग."

मी तोंड उघडलं आणि ओठांशी साहेब आले, यंत्रं आली, तब्येत आली, एकेक मऊ कारण, रांगेत उभं. पलीकडे ताई श्वास घेत होती. तिनं फोन ठेवला नव्हता. ती ऐकायला थांबली होती, आणि या वेळी ती काय ऐकणार हे मला तिच्याइतकंच कळायला हवं होतं, कारण ते वाक्य मी कधी स्वतःपाशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"मला आवडतं गं, ताई," मी म्हटलं. "नाइलाज म्हणून नाही. संध्याकाळी मी कुलूप काढून घरात जाते ना, तेव्हा आत कोणी नसतं. ते मला आवडतं."